डब पिक्चर गावानं आधीच पाह्यला, मंग रिमेक कोणासाठी काढता?

पऱ्हाटीवाला
राजेहो, एक सरळ प्रश्न हाये. हिंदीवाले साउथचे रिमेक अजून कोणाच्या भरवशावर काढून राह्यले?

आमचं गाव दारव्ह्याच्या पुढं. थेटर नाई, पण फ्री डिशची छत्री घरोघरी. शेतातली लाईन रात्रीची असली की पोट्टे मोटर सुरू करून धुऱ्यावर बसतात अन् मोबाईलवर डब पिक्चर पाह्यतात. तेलुगू हिरो कोणत्या सीनले दात चावते हे त्यायले पाठ हाये.

आता 'शहजादा'चंच घ्या. अल्लू अर्जुनचा 'अला वैकुंठपुरमुलो' हिंदीत डब होऊन जानेवारी २०२२ मध्ये थेटरात लागणार होता. तिकडं त्याचाच हिंदी रिमेक 'शहजादा' बनून राह्यला होता म्हणून ते रद्द झालं. डबिंगवाल्यानं काय केलं? फेब्रुवारीत तोच पिक्चर ढिंचाक चॅनेलवर लावून टाकला. फुकटात! साऱ्या गावानं पाह्यला. मंग पुरतं वर्ष गेल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, 'शहजादा' आला. आता त्याच्यासाठी दारव्ह्याहून यवतमाळले कोण जाईन?

'जर्सी' पडला, 'विक्रम वेधा' पडला, 'बेबी जॉन' तर आला कधी अन् गेला कधी. माझं मत पक्कं हाये, हे दुकान आता बंद करा. पण तुमच्या मते एखादा रिमेक खरंच जमला असन तर सांगा, अन् काऊन जमला तेही सांगा.

तर्री_एक्स्ट्रा
पह्यले हे सांग बे, 'बेबी जॉन' तू पाह्यला का?

पऱ्हाटीवाला
साळ्यानं पाह्यला. तिकीट त्याचं, दुःख त्याचं.

कोथरूडचा_भाचा
आजोळ अचलपूरचं असल्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो. :)

दादा, तुमचा हिशेब 'दृश्यम २'पाशी अडतो. मोहनलालचा मूळ मल्याळम भाग फेब्रुवारी २०२१ मध्ये प्राइमवर आला होता. हिंदी आला नोव्हेंबर २०२२ मध्ये. मधे पावणेदोन वर्षं. शेवटची कलाटणी इंटरनेटवर सगळीकडे पडलेली होती. तरी हिंदी तुफान चाललाच ना? म्हणजे 'आधीच पाहिलाय' एवढ्यानं रिमेक पडत नाही.

वणीची_सून
@कोथरूडचा_भाचा, आधी पाहिला कोणी ते विचारा ना. मल्याळम आवाज ऐकत आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचत आमच्या घरी कोण बसणार? आमच्या सासूबाईंना मोहनलाल ठाऊक नाही. हिंदी 'दृश्यम'मधला विजय साळगावकर मात्र असा ठाऊक आहे की दर २ ऑक्टोबरला त्यांना पावभाजी आठवते. 'अला वैकुंठ'चं तसं नाही. तो हिंदी बोलत बोलत थेट घरात आला.

माझं स्वतःचं विचाराल तर मी कुठलाच पिक्चर सलग पाहिलेला नाही. अर्धा भाकरी टाकताना, अर्धा भांडी आवरताना. 'अर्जुन रेड्डी' आणि 'कबीर सिंग' माझ्या डोक्यात एकच पिक्चर आहे. दिग्दर्शक दोन्हीकडे तोच असल्यानं मला फार चुकल्यासारखंही वाटत नाही. दोन्हीतल्या पोरीला मात्र कोणीतरी चार वाक्यं बोलायला द्यायला हवी होती.

आणि पहिला हिंदी 'दृश्यम' आपल्या निशिकांत कामतनं केला होता, ते कोणी बोललंच नाही. त्यानं आपला 'डोंबिवली फास्ट' माधवनला घेऊन तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' म्हणून स्वतःच केला होता. म्हणजे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, दोन्ही वाटा चाललेला माणूस. २०२० मध्ये गेला. वाईट वाटतं.

सिरोंचाकाठ
मी तुमच्यापेक्षा वेगळ्या पंगतीतला. आमच्या सिरोंच्यात निम्मी माणसं घरात तेलुगूच बोलतात. गोदावरीवर पूल झाल्यापासून काळेश्वर तर पलीकडेच. डबची वाट आम्ही पाहत नाही, रिमेकची तर नाहीच.

म्हणून 'मजिली'च्या मराठी रिमेकची, 'वेड'ची गंमत सांगतो. 'मजिली' मी २०१९ मध्ये तेलुगूत पाहिला होता. नागा चैतन्य आणि समंथा. त्यातली विशाखापट्टणमची रेल्वे वसाहत, बापाची नोकरी, मैदानावरची भांडणं, हे सगळं त्या गावाचं वाटतं. 'वेड'मध्ये गोष्ट तीच आहे, पण गाव कुठलं ते मला शेवटपर्यंत लागलं नाही. तरी पिक्चर चालला, सत्तर कोटींच्या वर गेला. मराठीत एवढा पैसा फार थोड्यांनी पाहिलाय. का चालला ते तुम्हीच सांगा, मला अजून उमगलेलं नाही.

तर्री_एक्स्ट्रा
जेनेलिया. विषय संपला.

वणीची_सून
आणि अजय-अतुल. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत दोन वर्षं दुसरं गाणंच वाजलं नाही. बँडवाला बिचारा सनई विसरला असेल.

सीपी_बेरार
तुम्ही सारे लहान आहात म्हणून सांगतो. रिमेक म्हणजे साउथनं काल-परवा लावलेला रोग आहे असं तुम्हाला वाटतं. मी अमरावतीत वाढलो. सिनेमाच्या धंद्यात आपला भाग अजूनही 'सीपी-बेरार' (मध्य प्रांत-वऱ्हाड) म्हणूनच ओळखला जातो, आणि अमरावतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. तिथून रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावर बसून तालुक्याला जायच्या. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. इकडचं रीळ संपलं की पोरगा सायकलवर तिकडे न्यायचा. सायकल पंक्चर झाली की मधली सुट्टी लांबायची आणि चहावाल्याचं भलं व्हायचं.

तर १९८५ मध्ये 'धूमधडाका' आला. अशोक सराफ, लक्ष्या, महेश कोठारे, शरद तळवलकर. हसून हसून पोट दुखलं. पुढे कधीतरी दूरदर्शनवर १९६६ चा 'प्यार किये जा' लागला आणि मी उडालोच. लक्ष्या तळवलकरांना पिक्चरची गोष्ट सांगून घाबरवतो तो सीन तिथे मेहमूद ओमप्रकाशसमोर करून मोकळा झाला होता! त्याच्याही आधी १९६४ चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'. तिथे तेच काम नागेशनं बालय्यासमोर केलेलं. तमिळ आणि हिंदी दोन्हींचा दिग्दर्शक श्रीधर. म्हणजे आपला 'धूमधडाका' ही तिसरी धार.

'बनवाबनवी'चं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये आहे. शांतारामबापूंचा 'पिंजरा' घ्या. तो १९३० च्या 'ब्लू एंजल' या जर्मन पिक्चरवरून आलेला. तमाशाच्या फडात उभा राहिलेला तो मास्तर पाहून कोणाला जर्मनी आठवते? मला तर आमच्या शाळेतले एक गुरुजी आठवायचे.

पऱ्हाटीवाले भाऊ, दुकान बंद करा म्हणता, तर ही तिन्ही नावं आधी बाहेर काढून ठेवा.

पऱ्हाटीवाला
काका, 'बनवाबनवी'ले हात लावायची आपली हिंमत नाई. पण तुमच्याच बोलण्यातून माझं म्हणणं निघते. तवा मूळ पिक्चर पाह्यलाच नव्हता कोणी. तमिळ पिक्चर अमरावतीत कायले लागते? आता मूळ पिक्चर खिशात हाये. काळ बदलला, धंदा नाई बदलला.

कोथरूडचा_भाचा
म्हणजे मूळ दडलेलं असलं की रिमेक भारी, आणि सापडलं की चोरी. सोयीचं आहे!

मास्तर_आर्वी
धाग्यात जरा उशिरा शिरतो आहे, दहावीचे पेपर तपासून उठलो.

मूळ दडलेलं की उघडं, यावर मी फार वजन टाकणार नाही. 'सैराट' तर सगळ्यांनीच पाहिला होता. २०१६ चा उन्हाळा आठवा, आर्वीत लग्नाच्या मांडवात नवरदेवासकट सगळे झिंगाटवर. त्यावर कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली असे रिमेक निघाले. कन्नडमध्ये तर रिंकू राजगुरूच पुन्हा नायिका. आणि २०१८ मध्ये हिंदीत 'धडक'. संगीत पुन्हा अजय-अतुलचं. म्हणजे सामान सगळं होतं. तरी मला तो पिक्चर बोचला, कारण त्यांनी गोष्टीचा कणाच काढून घेतला.

'सैराट'मध्ये परशा कोण, आर्ची कोणाची लेक, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. विहीर कोणाची, वर्गात कोणी कोणाच्या कानाखाली वाजवली आणि नंतर गुरुजींनाच का हात जोडावे लागले, हे सगळं जातीवर उभं आहे. 'धडक'नं गोष्ट उदयपूरला नेली. नेऊ दे, माझी हरकत नाही. राजस्थानात जात नाही का? पण तिथे गेल्यावर जातीचा उच्चार दोन वाक्यांत आटोपला आणि प्रकरण राजकारणी बाप विरुद्ध हॉटेलवाल्याचा पोरगा एवढ्यावर आणून ठेवलं. शेवटही फिरवला. मुलगी जिवंत राहते, मुलगा आणि बाळ जातं. 'सैराट'च्या शेवटी आमच्या टॉकीजमध्ये कोणी उठेना. 'धडक'च्या शेवटी लोक चपला शोधत होते.

विशेष म्हणजे त्याच कंपनीनं २०२५ मध्ये 'धडक २' काढला, मारी सेल्वराजच्या तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'वरून. त्यात जात थेट आहे, कॉलेजातच आहे. सेन्सॉरनं बरेच बदल करायला लावले, तरी उरलं तेवढंही टोचतं. गल्ला मोठा झाला नाही. पण मला विचाराल तर दोनातला खरा रिमेक हा दुसरा.

तर्री_एक्स्ट्रा
सर, शेवट सांगून टाकला तुम्ही. मी 'धडक' पाहायचा ठेवला होता.

मास्तर_आर्वी
सात वर्षं ठेवला होतास. पुरवणी परीक्षेलाही मुदत असते.

सिरोंचाकाठ
मास्तर, तुमचं पटलं. 'सिंघम' मला याच कारणानं आवडतो. मूळ तमिळ, सूर्याचा, २०१०. हिंदी पुढच्याच वर्षी आला. पण त्यांनी बाजीराव सिंघम हा मराठी माणूस केला, त्याचं गाव वेगळं उभं केलं आणि गोष्ट गोव्यात नेली. गाड्या उडतात ते सोडा, पण तो शिवी मराठीत देतो तेव्हा खरा वाटतो.

राळेगाववाली
मास्तरांच्या 'गोष्ट दुसरीकडे नेली' यावरून एक मनातलं सांगते. रिमेक नाही, पण जवळचंच आहे.

विद्या बालनचा 'शेरनी' आला २०२१ मध्ये. गोष्ट मध्य प्रदेशातली दाखवली. अधिकृतपणे कोणी म्हटलं नाही, पण आमच्याकडे प्रत्येकाला पहिल्या अर्ध्या तासात कळलं की ही आमची अवनी वाघीण. पांढरकवडा-राळेगावची टी-१. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली, तोवर तेरा बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. ऐन वेचणीचे दिवस होते. बाया एकट्या शेतात जात नव्हत्या, घोळक्यानं जायच्या आणि चारलाच परत यायच्या. अर्धा कापूस बोंडातच राहिला. पुणे-मुंबईचे लोक मेणबत्त्या घेऊन तिच्या बछड्यांसाठी रडत होते. आम्हालाही बछडी दिसत होतीच, पण आमच्या शेजारच्या घरातला माणूस गेलेला होता.

'शेरनी' चांगला पिक्चर आहे. जंगलखात्यातला घोळ अगदी बरोबर पकडलाय. पण त्यातली गावातली माणसं आमच्यासारखी बोलत नाहीत. पिक्चर पाहताना आई मधेच म्हणाली, 'हे आपल्याच इकडलं व्हय ना, मंग आपण कुठी हावो याच्यात?' मी काय सांगणार!

पऱ्हाटीवाला
ताई, आमचा टापू अन् तुमचा टापू फार दूर नाई. आमच्या इकडंही त्या साली लोक दिवस असतानाच घरी येत होते.

तर्री_एक्स्ट्रा
नागपूर दाखवलं ना राजेहो 'सैराट'वाल्या नागराजनं. 'झुंड'. बच्चन आमच्या झोपडपट्टीत येऊन फुटबॉल खेळवते, अन् पोट्टे खरे नागपूरचे. विजय बारसे सरांची गोष्ट. थेटरात मी 'बे' ऐकला अन् शिटी वाजवली. बाजूची बाई म्हणे, भाऊ अजून काहीच झालं नाई पिक्चरमध्ये.

सीपी_बेरार
'गाभ्रीचा पाऊस'ही विसरू नका. २००९. सतीश मन्वर. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष. आमचा शेतकरी आणि आभाळाकडे लागलेले त्याचे डोळे त्यात जसे आहेत तसे आहेत. त्याचा हिंदी रिमेक कोणी केला नाही हे एका परीनं बरंच झालं. शेतात ड्रोन फिरवला असता आणि मागे व्हायोलिन लावलं असतं.

वणीची_सून
आणि शेतकऱ्याला नवी कोरी पैठणी... आपलं, पगडी घातली असती. हिंदीवाल्यांचा मराठी शेतकरी तसाही थेट लग्नातून उठून आल्यासारखा दिसतो.

झाडीचा_पेटीवाला
नमस्कार जी. तुम्ही सारे पिक्चरवर बोलून राह्यले, मी नाटकवाला. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पेटी वाजवतो, घर ब्रह्मपुरीकडं. पण रिमेकचा विषय निघाला म्हणून राहवलं नाई.

दिवाळी झाली का आमचा सीझन लागते. कंपन्यांच्या कचेऱ्या वडस्याले. मंडई (गावची जत्रा) असो का शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक पाह्यजेच. मधे पटावर बंदी होती तवा त्या गावच्या नाटकांचे वांधे झाल्ते. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोकळीक पक्की केली तशी पटाची गावं परत धरली. नाटक रात्री दहा-अकराले सुरू, संपते पहाटं. लोक पोरंबाळं, चटया, ब्लँकेट घेऊन येतात. आमच्या परशुराम खुणे सरांना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली तवा तुमच्या पेपरवाल्यांना समजलं का अशी काही रंगभूमी हाये.

आता रिमेक. पिक्चर गाजला का आमच्याकडं पुढच्या सीझनले त्याचा वास असलेलं नाटक येतेच. पण जसंच्या तसं कोणी लिहत नाई, चालतच नाई. शहरातला बिल्डर आमच्याकडं तेंदूपत्त्याचा ठेकेदार होते. पोलीस कमिशनरचा होते गावचा पाटील. हिरोईनचा बाप करोडपती असन तर त्याले चाळीस एकर धानाचा मालक करा लागते. बहीण-भावाचा एक रडू येणारा प्रवेश टाकाच लागते, नाई तर बाया उठून जातात. विनोदी नट आपल्या मनानं त्या गावचं नाव, सरपंचाचं नाव, काल फुटलेला बांध, हे सारं घुसवते. मंग मूळ पिक्चर लोकांनी पाह्यला का नाई पाह्यला, कोण विचारते?

एका साली लेखकानं एक गाजलेला हिंदी पिक्चर जसाच्या तसा उतरवला. शहर तेच, बंगला तोच, बोलनं तेच. दुसऱ्या अंकाले पब्लिकमधून आवाज आला, 'का गा, हे टीव्हीवर पाह्यलं आमी, तुमचं लावा!' मी पेटीवरून उठलो नाई, पन हसू दाबता दाबता सूर चुकला.

मास्तर_आर्वी
पेटीवाले, तुमचं ते 'तुमचं लावा' मुंबईच्या प्रत्येक प्रोड्युसरच्या टेबलावर लिहून ठेवायला पाहिजे.

कोथरूडचा_भाचा
मान्य. पण 'तुमचं लावा' हे 'दृश्यम'ला कसं लागू करणार? हिंदीवाल्यांनी केरळचं गोवा केलं, बाकी गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी. तरी चालला.

झाडीचा_पेटीवाला
चालते ना जी. गोष्टच तेवढी घट्ट असली का गाव कोणतंही चालते. तिथं माणूस घर वाचवते, बायको-पोरी वाचवते. ते तर चीनमध्ये पन बनलं म्हणतात. पन अशा गोष्टी दहा वर्षांत एक-दोन. बाकीच्यांना गाव लागते.

पऱ्हाटीवाला
चीनचं खरं हाये, २०१९ मध्ये आला, तिथं तुफान चालला.

आता माझं ऐका. काकांचं जुनं, मास्तरचं 'सैराट', पेटीवाल्याचं धान, सारं वाचलं. तरी 'शहजादा'वरचं माझं म्हणणं तसंच उभं हाये. ज्यानं गावही बदललं नाई, माणूसही बदलला नाई, फक्त हिरोचं तोंड बदललं, त्याच्यासाठी गावातून कोणी तिकीट काढणार नाई. कारण तेलुगू हिरो आमच्या पोट्ट्यायले परका राह्यलाच नाई. 'पुष्पा' हिंदीत बोलते ते श्रेयस तळपदेच्या आवाजात, 'बाहुबली' शरद केळकरच्या. दोघंही आपले मराठीच. मंग धुऱ्यावर बसलेला पोट्टा म्हणते, हा आपलाच व्हय. त्याले आता दिल्लीतला चिकना पोरगा कायले पाह्यजे?

एक मात्र खरं. कोणी 'पुष्पा'ची गोष्ट मेळघाटात आणून सागवानावर केली, कोरकू माणसांसकट, तर मी स्वतः परतवाड्याले जाऊन पाहीन. साळ्यालेही नेईन.

राळेगाववाली
कोरकू नट घेतले तर. नाहीतर मुंबईच्या पोराला काळा रंग फासून आणतील.

कोथरूडचा_भाचा
@झाडीचा_पेटीवाला, नाताळच्या सुट्टीत अचलपूरला येतोय. एखादं नाटक पाहायचं आहे. वडसा किती लांब पडेल आणि तिकीट ऑनलाइन मिळतं का?

झाडीचा_पेटीवाला
आनलाइन नाई जी. गावात रिक्षावर भोंगा फिरते, तेच आमचं बुकिंग. नागपूरवरून ब्रह्मपुरीची बस धरा, पुढचं मी पाह्यतो. खुर्ची महाग, खाली सतरंजी स्वस्त. सतरंजीवरच बसा, तिथं मजा जास्त. पन स्वेटर, कानटोपी दोन्ही आणा, डिसेंबरात पहाटं धानाच्या बांधीत दात वाजतात. अन् लावणी झाली का झोपू नका, खरं नाटक त्याच्याच मागून चढते.

तर्री_एक्स्ट्रा
मी पण येतो बे. गाडी माझी, पेट्रोल पुण्याचं.

खामगावकर_७२
धागा पूर्ण वाचला नाही, फक्त शीर्षक वाचलं. आमिरचा 'सितारे जमीन पर' रिमेक आहे काय? आणि 'सूर्यवंशम'?

मास्तर_आर्वी
दोन्ही. 'सितारे' हा २०१८ च्या स्पॅनिश 'कँपिओनेस'वरून. थेटरातून उतरल्यावर त्यानं तो यूट्यूबवर शंभर रुपयांत ठेवला, आमच्या शिक्षक खोलीत सहा जणांनी मिळून पाहिला. 'सूर्यवंशम' तमिळमध्ये शरतकुमारचा १९९७, तेलुगूत व्यंकटेशचा १९९८ आणि आपला बच्चनचा १९९९. वरून हिंदीत सौंदर्या आणि जयसुधा दोघींनाही आवाज रेखाचा.

खामगावकर_७२
म्हणजे हिरा ठाकूरची आजी अन् बायको... नाही, आई अन् बायको एकाच आवाजात बोलते? चोवीस वर्षं पाहून राह्यलो, ध्यानात नाही आलं.

वणीची_सून
काळजी नको. येत्या रविवारी पुन्हा लागेल, तेव्हा नीट ऐका.